सोयरीक सर

नवा विद्यार्थी समोर आला की आमचे सर त्याला मार्क विचारत नसत. "तुझ्या वळखीचं कोन कोन हाय?" असं विचारत. मुलगा गोंधळून मामा-मावश्यांची नावं सांगू लागायचा आणि सर ती शांतपणे ऐकून घ्यायचे. शेवगावच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत, त्यातही प्रकाशशास्त्र म्हणजे त्यांचा जीव की प्राण. लग्न जमवणाऱ्याच्या डोक्यात गावोगावची घरं असतात, तशा त्यांच्या डोक्यात देशभरातल्या प्रयोगशाळा असत. कुणाकडे नवा लेसर आला, कोण मुलांना जीव लावतं, कुणाच्या हाताखाली पीएचडी वर्षानुवर्षं लोंबकळते, सगळं तोंडपाठ. म्हणून मुलांनी त्यांचं नाव सोयरीक सर ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं होतंच. "नाव ठेवलंच हाय तर काम बी तसंच करू," एवढंच म्हणाले.

वर्गात त्यांची भाषा पुस्तकातली असायची. वर्गाबाहेर पाऊल पडलं की शेवगावची. त्यामुळे खऱ्या उपयोगाचं सगळं मी त्यांच्याकडून व्हरांड्यात शिकले.

मी पुणतांब्याकडची, होस्टेलवर राहणारी. गढूळ द्रवातून प्रकाश कसा विखुरतो यावरच्या एका शोधनिबंधाचा गोषवारा मला इंटरनेटवर सापडला होता. पूर्ण निबंध वाचायचा तर डॉलर मोजा, असं तिथं लिहिलेलं. आमच्या लायब्ररीत तसलं नियतकालिक येणं शक्यच नव्हतं. मी नाद सोडून दिला. सरांना कळलं तेव्हा म्हणाले, "ज्यानं लिव्हलाय त्यालाच माग की. लिहिनाऱ्याला वाचनारा घावत न्हाई, ही त्याची बी अडचनच हाय."

मेल कशी लिहायची तेही त्यांनीच शिकवलं. आधी आपण काय वाचलं ते सांगायचं, मग कुठे अडलं ते, आणि शेवटी एकच प्रश्न. "दोन इचारलं की मानूस म्हनतो सवडीनं बघू. आन् सवड कुनालाच नसती." दुसऱ्या दिवशी जर्मनीतून उत्तर आलं. निबंध तर होताच, वर न मागितलेले आणखी दोन. मी धावत जाऊन सरांपुढे मोबाईल धरला. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "आभार मानलं का?" म्हणाले. मी मानले नव्हते.

पण परदेशी मेल धाडण्याआधी प्रत्येकाला एक वारी करावी लागे, ती जवळच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेची. तिथले केमिस्ट सरांचे दोस्त. ते उसाचा रस गाळून काचेच्या नळीत भरायचे, यंत्रात ठेवायचे आणि त्यातून जाणारा प्रकाश किती वळतो यावरून रसात साखर किती ते सांगायचे. ऊस आमच्याही रानात होता, पण त्याचा आणि माझ्या अभ्यासाचा संबंध असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. "लांबच्याला मेल करायला धाडस लागत न्हाई," सर म्हणायचे, "शेजारच्याच्या दारात जायला लागतं."

माझ्या वर्गातल्या दत्ताने एकदा शहाणपणा केला. देशातल्या पंधरा-वीस प्राध्यापकांना एकच मेल पाठवली, आणि तीही अशी, की प्रत्येकाला बाकी सगळ्यांची नावं दिसावीत. महिना गेला, एकही उत्तर नाही. सर पोट धरून हसले. "पत्रिका वाटल्या व्हय रे? पत्रिकेला लोक अक्षता टाकायला येत्यात, उत्तर कोन देतं?" मग त्याला समोर बसवून एकाच माणसाचं काम नीट वाचायला लावलं आणि त्या एकालाच लिहायला लावलं. दत्ताला उन्हाळी प्रकल्प मिळाला तो असा.

एवढी यातायात ते कशासाठी करतात, हे मी एकदा कॅन्टीनमध्ये चहा पिताना विचारलं. सरांनी बशीत चहा ओतला. मग सांगितलं. एमएस्सी झाल्यावर त्यांचीही एका मोठ्या प्रयोगशाळेत निवड झाली होती. तसं पत्र आलं. आपल्याकडे सोयरिकीत आधी होकार येतो आणि मग बोलावणं येतं. बोलावण्याशिवाय जाणं बरं दिसत नाही. म्हणून सर बोलावण्याची वाट बघत घरी थांबले. तिकडे ते लोक सरांच्या उत्तराची वाट बघत होते. मुदत संपली आणि जागा दुसऱ्याला गेली.

"घरात, गावात, कॉलेजात, कुनी तसलं पत्रच पाहिल्यालं नव्हतं," ते म्हणाले. "हुशारी कमी पडली न्हाई गं. इचारायला मानूस कमी पडला."  आणि बिल द्यायला उठले.

माझी वेळ आली तेव्हा दोन प्रयोगशाळांत निवड झाली होती. एक जागा नावाजलेली, एक साधी. मी अर्थातच नावाला भुलले होते. सर म्हणाले, "घर बघू नको. त्या घरच्या सुनंला इचार." म्हणजे तिथे शिकणाऱ्या मुलीला. मी फोन लावला. ती म्हणाली, "यंत्रं खूप चांगली आहेत." माणसांबद्दल एक शब्द नाही. मी साधी जागा घेतली. तिथल्या मॅडम कडक होत्या, पण प्रयोग फसला की शेजारी स्टूल ओढून बसायच्या. तो निर्णय चुकला असं मला आजवर वाटलेलं नाही.

होकाराचं उत्तर पाठवताना सर कॉम्प्युटरच्या खोलीत माझ्यामागे उभे होते. "धाडलं?" हो म्हटलं. "धाडलेल्यात दिसतंय का बघ." दिसत होतं. तरी ते वाकून स्वतः बघून गेले.

या सगळ्याचा मानपान त्यांनी एकच मागितला. मागून येणाऱ्याने काही विचारलं तर त्याच दिवशी उत्तर द्यायचं. निवृत्तीनंतरही घरी मुलं येतच राहिली आणि आम्हा जुन्यांकडे त्यांचे प्रश्न येत राहिले. गेल्या दिवाळीनंतर सर गेले. हृदयाचं दुखणं होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना विचारायला शिकवणारा माणूस स्वतःच्या दुखण्याचं कुणाला विचारत बसला नाही, याचा मला अजून राग येतो. त्यानंतर प्रश्न यायचे थांबले. सोयरीक जुळवणाराच नाही, तर आता कोण कुणाला कुणाकडे पाठवणार, असं मी धरून चालले होते.

परवा दुपारी पाथर्डीकडच्या एका मुलीची मेल आली. मी ओळखत नव्हते. आपण काय वाचलं ते तिने आधी लिहिलं होतं. मग लिहिलं होतं, 'सरांनी जाण्याआधी तुमचं नाव सांगून ठेवलं होतं. एकच प्रश्न विचारते. माझी निवड झाल्याचं एका प्रयोगशाळेने कळवलंय. आता मी बोलावण्याची वाट बघायची ना?' खाली फोन नंबर होता.

मी मेलला उत्तर दिलं नाही, सरळ फोन लावला. "वाट बघू नकोस. त्यांना आत्ता होकार पाठव, मी फोन धरून आहे." पलीकडे बोटं चालल्याचा आवाज येत राहिला.

"पाठवलं, ताई."

"धाडलेल्यात दिसतंय का बघ," मी म्हटलं.

"दिसतंय."