फिरत्या ओटीचे तांदूळ

सुधाचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "मालूताई, आई गेली," एवढंच ती म्हणाली... मी तवा उतरवला आणि ह्यांच्याजवळ जाऊन बसले. त्याला आता दीड महिना होईल. सुधाच्या आईनं, आमच्या शेजारच्या काकूंनी, नव्वदी कधीच ओलांडली होती, झोपेत गेल्या, सोनं झालं, असं सगळे म्हणतात. मला ते सोनं काही पटत नाही. मी आयुष्यभर त्या मायलेकींसमोर चोरासारखी वावरले, आणि काकू गेल्या तोवर सुधाला खरं सांगायचं राहूनच गेलं होतं.

लग्न होऊन मी जबलपूरच्या फॅक्टरी क्वार्टरांत आले ते पासष्टच्या लढाईच्या दिवसांत. फॅक्टरी तिन्ही पाळ्यांत चालू आणि रेशनच्या दुकानात तांदळाचा दाणा नाही. गहू कधीमधी, एरवी परदेशी लाल ज्वारी. तिची भाकरी थापता थापताच फाटायची. पण तांदूळ नाहीत म्हणून सवाष्णीची ओटी थोडीच थांबते? शेजारच्या काकूंनी त्यावर तोड काढली. पावशेर तांदूळ त्यांनी डब्यात राखून ठेवले होते. ज्या घरी हळदीकुंकू, त्या घरी तो डबा जायचा, आणि जिच्या ओटीत तांदूळ पडले तिनं ते दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं काकूंना परत द्यायचे. शिजवायचे नाहीत. हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं, आणि नव्या नवरीला कुणीतरी सांगितलंच असेल असं प्रत्येकीला वाटलं.

त्या वर्षी क्वार्टरांत विषमज्वराची साथ होती. हे अठरा दिवस अंथरुणाला खिळले. ताप उतरला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "सिर्फ नरम चावल. ज्वारी दी तो आँत फट जाएगी." मी दुकानं पालथी घातली, शेजारी हात पसरले. त्याच आठवड्यात एका घरी माझी ओटी भरली गेली. देवीनंच दिले म्हणून मी ते तांदूळ शिजवले, दोन दिवस पुरवले. तिसऱ्या दिवशी शेजारीण दारात आली. "तांदूळ परत नाही केले काय? उद्या काकूंच्या सुधाचं डोहाळजेवण आहे ना!"

ते परत द्यायचे असतात, हे मला तेव्हा कळलं. तशीच रडत काकूंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं.

"काहून रडून राहिली? भात पचला का त्याला?"

"पचला."

"अच्छा, मग झालं तं. अजून किती दिवस लागते भात?"

"चार दिवस," मी म्हटलं. उद्या काय शिजवणार, हे त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी लेकीची ओटी लाल ज्वारीनं भरली. पहिलं बाळंतपण, हिरवी साडी, आणि ओटीत ती ज्वारी. सुधाची सासू सगळ्यांदेखत म्हणाली, "असली ओटी आमच्याकडं भिकारीही भरत नाही." काकूंनी मान खाली घातली आणि ऐकून घेतलं. माझं नाव घेतलं नाही. तो टोमणा सुधाला पुढं कितीतरी वर्षं पुरला. मीही तेव्हा तोंड उघडलं नाही, याची लाज आजही वाटते. घरी आले तर डब्यात तांदूळ होते; मित्रानं आणून दिले, असं हे म्हणाले, आणि पुढचे चार दिवस ह्यांना भात मिळाला.

ग्वारीघाटावर नर्मदेत काकूंच्या अस्थी सोडून आम्ही घरी आलो, तेव्हा मी ह्यांना सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांत त्यांच्याशीही याबद्दल बोलले नव्हते.

"डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी काकू आल्या होत्या," ते म्हणाले. "तू नळावर गेली होतीस. आदल्या संध्याकाळी शहरात, राइट टाउनला, भावाकडं जाऊन त्यांनी सुधासाठी तांदूळ मागून आणले होते. ते आपल्या घरच्या डब्यात ओतले."

"पण ते तर तुमच्या मित्रानं..."

"तसं मी तुला सांगितलं. काकूंनीच सांगायला लावलं. म्हणाल्या, मालूला कळू देऊ नका, नाही तं ती शिजवणार नाही."

मी फोन उचलला आणि सुधाचा नंबर लावला. तिच्या ओटीचे तांदूळ मी एकदा नाही, दोनदा शिजवले होते.