रक्त जुळलं नाही

गिऱ्हाइकानं भाव विचारला, की ती आधी मासळीचा कल्ला उघडून दाखवायची. "पाह्य आधी. मंग भाव कर." सावली गावचा बाजार केला असेल, तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. कालची मासळी ती कालचीच सांगायची. "शिळी हाये. घेतं तं घे." शेजारच्या बाया हसायच्या, "हे धंदा करून राह्यली का साक्ष देऊन राह्यली?"

डीएनए हा शब्द तेव्हा आमच्याकडे नुकताच पोचला होता. तिच्या गावातली एक बाई सरपणाला गेली आणि जंगलात मारलेली सापडली. तिच्या विळ्यावर दुसऱ्याच माणसाचं रक्त होतं. मरता मरता तिनं मारणाऱ्याला कापलं होतं. त्या दिवसापासून ह्या मासळीवालीचा मुलगा बेपत्ता.

तो सापडेना, म्हणून पोलिसांनी आईचं रक्त नेलं. कसं? सिकलसेलचा तपास आहे, असं खोटं सांगून! ह्या आजारानं आमच्याकडे घरटी कोणीतरी खंगलेलं असतं. तिनं हात पुढं केला. "घे भाऊ. आमच्यात असन तं सांगजो."

आमचं डोकं फिरलं. आम्ही संघटनेतल्या बायांनी पत्रक काढलं : 'जन्मदात्या आईला फसवून मुलाविरुद्ध पुरावा'. शब्द माझे. तिला एकदा विचारावं, हे मला सुचलं नाही.

काही महिन्यांनी अहवाल आला. विळ्यावरचं रक्त ह्या बाईच्या मुलाचं नाही. मी धावत तिच्या घरी गेले. ती अंगणात जाळं सांधत बसली होती.

"बाई, सुटला तुमचा मुलगा."

"माह्या रक्तावरून?"

"हो."

तिनं जाळं खाली ठेवलं. "तो माह्या पोटचा नाई, पोरी. नंदेच्या पोटचा. तिनं माह्या ओटीत टाकला. आठ दिवसाचा होता."

गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, पण ते बोलायची कधी वेळच आली नव्हती. पोलिसांनी रक्त कशाला हवं ते सरळ सांगितलं असतं, तर तिनं तिथंच सांगितलं असतं. खोटं बोलून रक्त नेलं, उत्तरही खोटंच मिळालं.

आणि मी, सत्याच्या घोषणा देणारी, काय म्हणाले? "कुणाला सांगू नका."

तिनं जाळं पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "जे मेली तिची पोरगी रोज माह्या दारावरून पाण्याले जाते. मले पाहून मान खाली घालते. तिनं काऊन घालावी?"

"मुलाला फाशी होईल."

"त्यानं केलं नसन तं नाई होनार."

वरोऱ्याकडे दिलेल्या नणंदेला तिनं सगळं खरं सांगून आणलं. ठाण्याच्या पायरीवर नणंद म्हणाली, "वयनी, म्या तुले पोरगा देल्ला. तू त्याले फासावर देऊन राह्यली." तरी तिनं रक्त दिलं. जुळलं. मुलगा पकडला गेला, जन्मठेप झाली. नणंद पुन्हा कधी तिच्याशी बोलली नाही.

तुरुंगातल्या पहिल्या भेटीला मी तिच्यासोबत गेले. तिनं भाकर आणि सुकी मासळी बांधून आणली होती.

"नातं?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"आई."

त्यानं कागद उलटले. आईच्या रकान्यात नणंदेचं नाव होतं. "ह्याची आई दुसरीच आहे. चला, पुढचा माणूस."

मी भांडायला खिडकीशी गेले. तिनं दंड धरून मला मागं ओढलं.

"त्याच्यावर काऊन ओरडतं, पोरी? बरोबर लिवलं हाये. मीच तं सांगतलं."