सरांनी धरलेला उपास

"डबा दाखव."

मैदानावर नवं पोर आलं की सरांचं पहिलं वाक्य हे. पोर नवे बूट दिसावेत म्हणून पाय पुढे करून उभं असायचं. सर बुटांकडे बघतसुद्धा नसत. डब्यातली बटाट्याची भाजी बघून विचारायचे, "आणि बाकीचं?" बाकीचं काही नसायचं. "मग धावणार कशावर?"

तुमच्याही गावात असा एक माणूस असेल, ज्याला कोणी नेमलेलं नसतं आणि म्हणून काढताही येत नाही. आमचे सर रोह्याला एका कंपनीत फिटर होते. पहिली शिफ्ट सुटली की मोटारसायकलवरून थेट पेणला, रामवाडीच्या मैदानावर. समोरच माझं किराण्याचं दुकान, त्यामुळे सर मला रोज फुकट बघायला मिळाले.

फुटबॉलवर मुंबईच्या कॉलेजात जाता येतं, ही बातमी आमच्याकडे त्यांनीच आणली. त्यासाठी ते पोरांना धरमतरच्या बाजूला खाडीच्या बांधावर पळवायचे. चिखलात घोटे पक्के होतात म्हणे. घोट्यांचं मला माहीत नाही, बूट मात्र पुष्कळ गेले.

खाण्याचं त्यांचं ठरलेलं होतं: वाल, नाचणी, सुकट, अंडं. मी एकदा प्रोटीन पावडरचे डबे आणून दर्शनी भागात मांडले. सर माझ्याच बाकड्यावर बसून गिऱ्हाइकाला सांगायचे, "एवढ्या पैशात महिन्याची सुकट येते." वर चहाही माझाच. आणि हे सांगताना हातात वडापाव. एका पोराने धीर करून विचारलं, "सर, आणि तुमी?"

"मला कुठे कॉलेजात खेळायचंय?" सर म्हणाले आणि आणखी एक वडा मागवला. त्यांना मधुमेह होता. तो त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोने जास्त मनावर घेतला होता.

मैदानावरच्या पोरांत प्रणाली सगळ्यांत सरस. निडीजवळच्या गावातली, भातशेती करणाऱ्याची मुलगी. कॉलेजच्या टीममध्ये निवड झाली तर फी आणि हॉस्टेल कॉलेज बघणार होतं. नाही झाली तर एका कंपनीत पॅकिंगला जायचं, असं घरात ठरलेलं. निवड चाचणी नेमकी श्रावणी सोमवारी आली. आणि तिच्या आईने परस्पर शंकराला कबूल करून टाकलं, की पोर त्या दिवशी कडकडीत उपास धरील, तेवढं तिला टीममध्ये घे.

सर मला घेऊन तिच्या घरी गेले. साक्षीदार म्हणून असावं.

"वहिनी, उपाशी धावली तर मध्येच बसंल पोरगी," सर म्हणाले.

"तिच्यासाठीच बोललेय ना सर. आता मोडला तर देव काय म्हणंल?"

"आई गो, उपाशी नाय धावता येत," प्रणाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"तू गप गो."

मग सरांनी स्नायूंना साखर कशी लागते ते समजावलं. बराच वेळ समजावलं. आईने सगळं नीट ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाली, "पण बोललेय ना."

मग सरांनी दुसरी वाट धरली. "आजारी माणसाचा उपास घरातलं दुसरं कोणी धरतं ना? मग हिचा दुसऱ्याने धरला तर?"

आई विचारात पडली. "चालंल. पण धरणार कोण? माझा माझा हायच."

"मी धरतो."

परतताना मी म्हटलं, "सर, तुम्हाला शुगर आहे."

"ते मी शंकराला सांगितलेलं नाय."

सोमवारी प्रणाली भाकरी आणि वालाची उसळ पोटभर खाऊन खेळली. अंड्याचा विषय सरांनी त्या दिवशी काढला नाही. ते नुसत्या पाण्यावर मैदानाच्या कडेला उभे होते. मध्यंतराला चक्कर येऊन खाली बसले. त्या चाचणीत डॉक्टरला तपासावं लागलं ते फक्त सरांना. प्रणालीची निवड झाली.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. पेणपासून रोह्यापर्यंतच्या आया सरांना गाठू लागल्या: "सर, आमचा पण धरा." सर धरायचे. मी भांडलो, त्यांची बायको भांडली. त्यांचं उत्तर एकच, "पोरं खाऊन जातात ना?" तोंड सुकलेलं, गोळी चुकलेली, आणि माणूस खूश. मला त्यांचा संताप यायचा आणि त्यांच्यावर माझा जीवही होता.

गेल्या पावसाळ्यात मैदानावरच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. पेणमध्येच दवाखान्यात ठेवलं. उपासांचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. वड्यांबद्दल मी विचारलं नाही. लगेच आलेल्या सोमवारी सगळ्या आयांनी सरांसाठी उपास धरला. प्रणालीची मुंबईत मॅच होती. मीही धरते, असं ती फोनवर म्हणाली. "तू जेव," आईने सांगितलं, "तुझा मी धरलाय."

सर दुपारी गेले.

प्रणालीची आई दवाखान्यातून निघाली ती माझ्या बाकड्यावर येऊन बसली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. "शेठ, आता हा सोडायचा का नाय?" तिने विचारलं.

मला शास्त्र ठाऊक नाही. मी दुकानात टांगलेल्या घडातलं एक केळं तोडलं, सोललं आणि तिच्या हातात दिलं. तिने ते रडत रडत सगळं खाल्लं.