बिनपोच्याची जीप

शेषरावने मला फसवलं. तेवीस वर्षांच्या दोस्तीत मी त्याला कधी फसवलं नाही, त्याने मला फसवलं, आणि ते मला कळलं तो गेल्यावर सव्वा महिन्याने. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण माझा धंदा जुन्या गाड्यांचा आहे आणि फसवणूक झाली की मला गप्प बसता येत नाही. तो गेला त्या सकाळी मी अमडापूरला एका ट्रॅक्टरच्या सौद्यात अडकलो होतो. त्याच्या लेकीचा, शीतलचा फोन आला. "काका, बाबा गेले." मी विचारलं, "कुठं?"... अजून त्या प्रश्नाची लाज वाटते.

चिखलीत माझं जुन्या जीप-ट्रॅक्टरचं यार्ड आहे. हमाली करत करत उभं केलं, कोणाचं काही घेतलं नाही. शेषराव तिथे डेंटिंग-पेंटिंग करायचा. ठोकलेली गाडी आली की तो पत्रा सरळ करायचा, पोच्यात पुट्टी भरून घासायचा आणि असा रंग मारायचा की मलासुद्धा जागा सापडू नये. मग मी गिऱ्हाइकाला छातीठोक सांगायचो की गाडीला साधं खरचटलेलं नाही. शेषराव बाजूला उभा राहून चिंधीने हात पुसत असायचा. गिऱ्हाइकासमोर तो मला 'सेठ' म्हणायचा आणि गिऱ्हाईक फाटकाबाहेर पडलं की 'बे'.

घरी मात्र त्याचं भलतंच चालायचं. खिडकीपाशी एक टेबल, त्यावर तळहाताएवढ्या धातूच्या गाड्या. दुकानातून नवीकोरी आणायची, तळाचे रिव्हेट बारीक ड्रिलने पोखरून ती उघडायची, रंग उतरवायचा आणि मग सुईने, दातकोरणीने तिला जुनी करायची. विटेच्या भुकटीचा गंज, वहिनींच्या फाटक्या पर्सच्या रेक्झिनचं उसवलेलं सीट, दाराला पोचा. मला बघवायचं नाही. एकदा मी चिडून म्हणालो, "चांगली गाडी काऊन नासवून राह्यला बे?" तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "नव्या गाडीले मालक नसते. ठोकर लागली का मंग ते कोनाची तरी होते." मी हसलो. पुण्याच्या एका माणसाने त्याच्या गाड्या फोटोत पाहून मागितल्या, तेव्हा मी फोनवर अर्धा तास घासाघीस करून भाव दुप्पट केला, आणि हा पठ्ठ्या म्हणाला, विकायच्या नाहीत. चार दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

त्यातली एक गाडी त्याने मला दिली होती. माझी पहिली जीप, पांढरी, अगदी हुबेहूब. नंबरप्लेट माझी, आरशाला बांधलेला लाल गोंडासुद्धा माझा. बारा वर्षं ती यार्डाच्या टेबलावर आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी ती दाखवत सांगतो की माझ्या हातून आजवर गाडी ठोकली गेलेली नाही. हे खरं नाही. अमडापूरच्या बाजारात एकाशी भाव तुटला, मी संतापून गाडी झटक्यात वळवली आणि डावं दार लिंबाच्या झाडावर घातलं. शेजारी शेषराव होता. त्याने दोन दिवसांत दार असं केलं की माझ्या बायकोलाही पत्ता लागला नाही. तो ते कोणाजवळ बोलला नाही. माझ्याजवळसुद्धा नाही.

तो गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घरात गर्दी होती, म्हणून मी नंतर सवडीने गेलो. शीतलने चहा दिला आणि टेबलाखालचं कपाट उघडून म्हणाली, "काका, हे पाहा. आम्हालेही माहीत नव्हतं." चाळीसेक गाड्या होत्या. पहिली बघितली आणि चहा तसाच राहिला. मेहकरच्या मास्तरांना विकलेली जीप, बोनेट चेपलेलं. तिच्यामागे उलटलेला निळा ट्रॅक्टर, मडगार्ड दुमडलेलं. माझ्या यार्डातून गेलेल्या गाड्या, पुट्टी भरायच्या आधी होत्या तशा. मी ज्यांच्यासाठी शपथा घेतल्या त्या सगळ्या. हा माझ्यावरचा आरोप होता, की दिवसभर बुजवलेलं त्याला विसरवत नव्हतं? काही कळेना. शीतल एवढंच म्हणाली, "तुमची पहिली जीपच तेवढी यात नाही."

तसाच यार्डात आलो. माझी जीप उचलली, डावं दार उन्हात तिरपं धरलं. एक बारीक लहर दिसते, दिसत नाही... गाडी घेताना मी खिशातलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवतो. पुट्टी असेल तिथे ते चिकटत नाही. सवयीने तेच केलं. चुंबक दारावर चिकटलं नाही. मग छतावर, बोनेटवर लावलं, तर तिथेही नाही. ही खेळणी जस्ताची असतात, हे मला तेव्हा समजलं. रंग खरवडला तर कळेल. पण त्याच्या हातचा रंग आहे तो.

दाराला आधी पोचा करून मग बुजवलेला असेल, तर त्याने माझी लाज राखली. पोचा केलाच नसेल, तर कपाटातल्या चाळीस गाड्या खऱ्या केल्या आणि मला एकट्याला मालक नसलेली दिली. जीप माझ्यासमोर आहे, दार माझ्याकडे केलेलं आहे. तू जबाब दिल्याशिवाय मी हे सोडणार नाही, शेषराव. मी तुहा दोस्त होतो का गिऱ्हाईक, सांग बे.