माशाचा उपास

आमच्या काचेच्या छोट्या भांड्यातला निळा बेट्टा मासा फुगून एका कुशीवर तरंगू लागला, तेव्हा सासूबाई घाबरल्या.

"आई, येता-जाता दाणे टाकत होतात ना? आता त्याला उपास," असं म्हणत मी भांड्यातलं थोडं पाणी बदललं.

"मुक्या जिवाला उपाशी ठेवून मी जेवू?" त्यांनीही ताट सरकवलं.

आमच्या घरात माया म्हणजे वाढणं. हात आवरण्यातही माया असते, हे आम्हांला कुणी शिकवलंच नाही.

पण उपास फळला. मासा सरळ पोहू लागला आणि सासूबाई दिसताच कल्ले फुलवून त्यांच्या अंगावर धावून आला.

"चिडलाय, म्हणजे बरा झाला!" त्या हरखल्या. "तुझे सासरेही दुखण्यातून उठले की आधी माझ्यावरच खेकसतात."