फाटकात कोणी नाही

गोव्याहून हैदराबादला जाणारं आमचं विमान मध्ये जळगावला टेकतं, अर्धा तास थांबतं आणि पुढं निघतं. माझं माहेर त्या विमानतळापासून रिक्षानं थोड्याच अंतरावर. तरी मी घरी कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर आई डबा घेऊन गेटवर उभी राहिली असती आणि आत सोडत नाहीत म्हणून पोलिसाशी भांडली असती. दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या ऑफिसात मला परदेशातल्या नोकरीच्या कागदांवर सह्या करायच्या होत्या. तीन वर्षांसाठी जायचं होतं.

जळगावला उतरलो आणि विमानात बिघाड निघाला. संध्याकाळपर्यंत हलणार नाही म्हणाले. बाकीचे प्रवासी हात धुऊन कर्मचाऱ्यांच्या मागे लागले, मी मात्र मनातून खूश. अशी आयती दुपार कोणाला मिळते? बाहेर आले आणि जायची-यायची रिक्षा ठरवून टाकली.

खरं तर वर्षभर मी येते म्हटलं की आईचं काहीतरी निघायचं. रंगकाम चालू शे, पाण्याची बोंब शे, ऊन मरणाचं शे, आता नको येऊ. माहेरी यायला काय मुहूर्त लागतो का, म्हणून मी फोन आपटायचे. रविवारचा व्हिडिओ कॉल मात्र चुकायचा नाही. आज सांगायचंच नाही, थेट दारात उभं राहायचं आणि आई-आबा दोघांचे चेहरे बघायचे, असं ठरवून मी रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबवली आणि चालत गेले.

आबा अंगणात खाटेवर बसून मेथी निवडत होते. तिथंच मी चाट पडले. जन्मात स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला न घेतलेला माणूस. मी फाटक ढकललं, ओठांवर बोट ठेवलं आणि दात काढून उभी राहिले. अंगात भडक नारिंगी ड्रेस होता, मैलावरून दिसावा असा. आबांनी मान वर केली, थेट माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि परत मेथीची काडी मोडली.

मला वाटलं, माझी खेचताहेत. ती त्यांची जुनीच खोड.

"कोन शे?" आबांनी विचारलं. मी हसू दाबत गप्प. मग त्यांनी घराकडं तोंड करून आईला हाक मारली, "अवं, फाटकात कोन शे बघ. बोलत नाही."

आई पदराला हात पुशीत बाहेर आली. मला बघितलं आणि तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. तिनं मला हातानं खुणावलं, मागं हो, बोलू नको. आणि माझ्या डोळ्यांत बघत आबांना म्हणाली, "कोणी नाही. वाऱ्यानं हाललं."

माझ्या घराच्या फाटकात मी उभी, आणि माझी आई सांगतेय, कोणी नाही.

तिनं मला दंडाला धरून शेजारच्या शिंपीचाचांच्या दुकानात नेलं. चाचांनी मशीन थांबवलं, माझ्याकडं पाहिलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. काय झालंय ते त्यांना ठाऊक होतं. गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"काचबिंदू," आई म्हणाली. "एक डोळा आधीच गेला होता, दुसरा पावसाळ्यात गेला. धुळ्याच्या डॉक्टरकडं नेलं, उशीर झाला म्हणाले."

"आणि रविवारी फोनवर? माझे कपडे दिसतात त्यांना."

विचारता विचारताच माझ्या डोक्यात उजेड पडला. फोन लागला की आधी आईच बोलायची. अगंबाई, आज पिवळा ड्रेस का? मग आबा म्हणायचे, पिवळा तुला शोभतो, माय. अगंबाई, केस कापले का? मग आबा, बरे दिसतात. दर रविवारी. मी हसायचे आणि केस मागंपुढं करून दाखवायचे.

माझं डोकं फिरलं. "मी कोण लागते गं तुमची? चाचांना माहीत, दूधवाल्याला माहीत, आणि मला नाही?"

"हळू बोल. तुला कळलं तर तू जायची नाहीस, म्हणून त्यांनी मला आण घातली. आता तुला कळलं हे त्यांना कळू देऊ नको. त्यांचा तेवढाच एक हट्ट शे."

मी रडले, डोळे पुसले आणि आई घरात पोचल्यावर दुकानातूनच फोन केला. विमान बिघडलं, पाच मिनिटांत घरी येते म्हणाले.

गेले तेव्हा आबा धुतलेला सदरा घालून खुर्चीत ताठ बसले होते. मेथी गायब. "अगंबाई, नारिंगी ड्रेस!" आई म्हणाली, आणि आबा लगेच म्हणाले, "नारिंगी तुला शोभतो, माय. पण बारीक झाली." मी समोर बसून हे सगळं बघत होते. जेवताना आईनं भाकर, मिरचीचा ठेचा, मेथी, सगळं ठरल्या जागी ठेवलं आणि आबांनी एकदाही न चाचपडता खाल्लं. किती दिवस हे पाठ केलं असेल?

"उद्या सह्या करशी ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कर. आमचं बठ्ठं बरं शे, काही कमी नाही."

निघताना ते भिंतीला बोटं लावत फाटकापर्यंत आले. माझी रिक्षा आता शेजारी चाचांच्या दुकानापाशी इंजिन बंद करून उभी होती. मी फाटकाबाहेर वाकून सँडलचा पट्टा लावत होते, तेवढ्यात दुसरीच एक रिक्षा फटफट करत गेली. आबांनी हात वर केला आणि तिला निरोप द्यायला लागले. "सांभाळून जाय, माय. पोचली का फोन कर." रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी त्यांचा हात हलतच होता, तोंडावर हसू. आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. चाचा दुकानाच्या पायरीवर मान खाली घालून उभे.

गप्प राहून रिक्षात बसायचं, एवढंच मला करायचं होतं. नाही जमलं.

"आबा, मी आठेच शे, फाटकापाशी."

हात खाली आला नाही. नुसता माझ्या आवाजाच्या दिशेनं वळला.

"मंग नीघ ना, माय," ते म्हणाले. "इमान चुकी जाई."

"चुकू द्या," मी म्हणाले, आणि त्यांचा हात धरला.