पंधरा की पन्नास

ऑफिसात सगळ्या जणी तिला वहिनी म्हणत. दहा वर्षं घर सांभाळून ती या कामाला लागली होती. परदेशातल्या एका इस्पितळातले डॉक्टर रोग्याला तपासून झालं की टिपण बोलून ठेवत आणि इकडे बावीस बायका रात्रपाळीत कानाला हेडफोन लावून ते टाइप करत. एक डॉक्टर तर तोंडात गुळणी धरल्यासारखा बोले. त्याची फाइल आली की बाकीच्या नाकं मुरडत. वहिनीला शब्द न् शब्द कळे. "माझे मामा असेच बोलतात," ती म्हणे.

एके दिवशी मालकांनी सांगितलं, "इस्पितळाने यंत्र घेतलंय. ते ऐकतं आणि स्वतःच लिहितं. महिनाअखेर आपलं दुकान बंद."

घरी सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता घरात जरा लक्ष दे."

शेवटच्या आठवड्यात यंत्राची टिपणं नजरेखालून घालायचं काम आलं. "वरवर बघा," मालक म्हणाले. पण हातचं राखून काम करणं वहिनीच्या रक्तातच नव्हतं. तिने मूळ आवाज लावला. हृदयाचं औषध होतं. डॉक्टर म्हणत होता पंधरा, यंत्राने लिहिलं होतं पन्नास. इंग्रजीत दोन्ही आकडे कानाला जुळ्या भावांसारखे.

"जाऊ द्या हो, आपलं काय जातंय?" मालक म्हणाले.

"तिकडे कुणाची तरी आई असेल," वहिनी म्हणाली आणि तिने सरळ इस्पितळाला फोन लावला. नर्सबाई धावत वॉर्डात गेली. गोळ्या काढून ठेवल्या होत्या, द्यायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

मग बावीसजणींनी पदर खोचला. चार दिवसांत तीनशे टिपणं मूळ आवाजाशी ताडून पाहिली. एकेचाळीस चुका निघाल्या. वहिनीने सगळी यादी तिकडे पाठवली.

पंधरवड्याने तिकडच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. तोवर मालकांनी गाशा गुंडाळला होता. बाई म्हणाल्या, "यंत्र राहील, पण त्याच्यावर तुमचा कान हवा. काम थेट तुम्हीच घ्याल?"

वहिनी म्हणाली, "घेऊ. पण आमच्या दिवसाच्या वेळात. आणि जिने टिपण तपासलं, तिचं नाव खाली येईल."

मग बाई म्हणाल्या, "नाव तर आधीच यायला हवं होतं."

शिंप्याच्या दुकानावरची खोली त्यांनी भाड्याने घेतली. तिघींना दुसरीकडे नोकरी लागली होती. उरलेल्या एकोणीस जणी आल्या. सासूबाई पहिल्याच दिवशी खोली बघायला आल्या, सगळ्या खुर्च्या मोजल्या, मग जिन्यात भेटलेल्या शिंप्याला म्हणाल्या, "आमची सून चालवते हे."

वर्षभरात आणखी दोन इस्पितळांचं काम आलं. खोली पुरेना, म्हणून शेजारची खोलीही घेऊन मधली भिंत पाडली.